द्राक्षांच्या संपाबद्दल, पिंपळगावच्या मित्रास

लॉस एंजेलिस

प्रिय सुन्या,

"अमेरिकेत जाऊन मेक्सिकन लोकांचा इतिहास शिकतोस लेका, नोकरी कोण देणार?" ह्या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण सध्या वर्गात द्राक्षांवर चाललंय, तेव्हा तुला ऐकावंच लागेल.

मेक्सिकन-अमेरिकन इतिहास हा विषय विद्यापीठांनी आपण होऊन सुरू केला नाही बरं का. मार्च १९६८ मध्ये इथल्या पूर्व भागातली हजारो मेक्सिकन-अमेरिकन मुलं शाळा सोडून रस्त्यावर आली. आमचा इतिहास का शिकवत नाही, हा त्यांचा एक सवाल. त्या काळच्या अशा रेट्यातून चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, अभ्यासाचे विभाग निघाले.

डेलेनो हे कॅलिफोर्नियातलं द्राक्षांचं गाव. तिथला संप म्हटलं की मला शेतमजुरांचा पुढारी सेझार चावेझ एवढंच ठाऊक होतं. पण ८ सप्टेंबर १९६५ ला काम बंद केलं ते फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिऑन्गच्या पुढाकारानं. मागणी काय, तर ताशी १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट. मळेवाल्यांची खेळी जुनीच: फिलिपिनो बसले की मेक्सिकन आणायचे, मेक्सिकन बसले की फिलिपिनो. १६ सप्टेंबरला चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या, मुख्यतः मेक्सिकन मजुरांच्या संघटनेनं संपात उतरायचं ठरवलं आणि ती खेळीच मोडली. पुढे गौरव झाला तेव्हा ते फिलिपिनो म्हातारे मागे पडले, हे मला खटकतं.

खरी गंमत कायद्याची आहे. १९३५ च्या कामगार कायद्यानं शेतमजुरांना वगळलेलं, म्हणजे संरक्षण शून्य. पण १९४७ च्या दुरुस्तीनं तिऱ्हाईत दुकानांवर बहिष्कार पुकारायला जी बंदी आणली, तीही मग त्यांना लागू होईना! झालं, हे लोक शहरोशहरी दुकानांपुढे उभे राहिले: द्राक्षं घेऊ नका. जुलै १९७० मध्ये डेलेनोच्या मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या.

आता तुझं काम. मला निबंधात आपल्याकडचं थोडं घालायचंय. छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात, त्यांचा हिशेब एकरी उक्ता होतो की रोजानं? उचल कोण देतं, कापून कधी घेतात? काकांना विचार. आणि टोळीतल्या कुणालाही विचार, नुसतं काकांचं ऐकून लिहू नकोस.

तुझा,
मिलिंद