परसातल्या बदकांना कोणी वाली आहे का?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर आला की अंडी महागली ही बातमी पेपरात ठरलेलीच असते. नाताळचे केक, थंडी, घाटावरून येणारा माल, सगळं लिहून येतं आणि फेब्रुवारीत सगळे विसरतात. यंदा ती बातमी वाचत होते तेव्हा माझ्या पुढ्यात टोपलीत अकरा अंडी होती, त्याच सकाळची, आणि त्यातलं एकही कोंबडीचं नव्हतं. म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकूया, फार दिवस डोक्यात आहे.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. घरामागे पोरसू म्हणजे परसबाग, चार माड, एक फणस आणि एक जुना मांगर, म्हणजे सामानाची खोपटी. खनिजाचं माइनिंग होतं तेव्हा घरात ते वाहणारे दोन टिपर ट्रक होते. 2012 ला बंद पडलं, मध्ये थोडं चाललं, 2018 च्या मार्चात परत बंद, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना मी काय सांगणार. एक टिपर विकला, दुसरा कितीतरी दिवस दारात नुसता उभा होता, त्याचाच एक फाटका टायर आमच्या ह्यांनी मधून कापला आणि तो आज माझ्या बदकांचा टब आहे.

आधी कोंबड्याच होत्या, सगळ्यांकडे असतात तशा. पण आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मिरग लागला की परस म्हणजे नुसता चिखल, कोंबड्या भिजून कोपऱ्यात मान पाडून बसायच्या, अंडी बंद, आणि गणेशचवथ येईपर्यंत निम्म्या गेलेल्या. बदकांचं बरोबर उलटं, जितका पाऊस जास्त तितकी ती खूश. बाहेर धो धो कोसळतोय, आम्ही खिडकीत, आणि ही सगळी चिखलात चोची खुपसून गांडुळं आणि गोगलगाई काढतायत. परसातल्या छोट्या गोगलगाई दोन पावसाळ्यांत जवळजवळ संपल्या. कोंबडी पायानं उकरून वाफ्याची वाट लावते तसं बदक उकरत नाही, हे खरं. पण कोवळा पाला सोडत नाही, माझी तांबडी भाजी दोनदा बुडख्यापर्यंत खाल्ली, आता वाफ्याला जाळी आहे.

माझ्याकडची जात खाकी कॅम्पबेल. नाव ऐकून लोकांना वाटतं पोलीस खात्याचं काहीतरी आहे. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये कॅम्पबेल नावाची बाई होती, तिनं घरच्यांना खायला बदकं हवीत म्हणून भरपूर अंडी देणारी रनर जातीची मादी आणि रूआं जातीचा नर एकत्र आणले, पुढे त्यात रानटी बदकाचं रक्त आलं आणि 1900 च्या सुमारास ही जात तयार झाली. तेव्हा बोअर युद्ध चालू होतं, सोल्जरांच्या कपड्यांसारखा रंग म्हणून खाकी. गंमत म्हणजे त्या रनरला इंडियन रनर म्हणतात पण ती मूळची जावा-बालीकडची. तर एका घरच्या बाईनं आपल्या परसात केलेलं हे काम आहे, मला त्याचं फार कौतुक वाटतं. याच खाकीच्या पिल्लांतून 1949 साली फिकट रंगाची वेल्श हार्लेक्विन निघाली, ती स्वभावानं आणखी गरीब म्हणतात, पण आपल्याकडे कुठून मिळणार.

पुस्तकात खाकीची वर्षाला 300 अंडी लिहिलेली असतात. माझ्याकडे तेवढी नाहीत, सव्वादोनशेच्या आसपास पडतात. मी जास्त अंड्यांसाठी खुराड्यात रात्री दिवे लावत नाही, पीसं झडतात तेव्हा बंद असतात, त्यांनाही सुट्टी नको का. पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू होतात, अंडं 65-70 ग्रॅमचं, पांढरं, आणि घालतात पहाटे. त्यामुळे नऊ वाजेपर्यंत खुराड्याचं दार उघडायचं नाही, नाहीतर सगळी अंडी अळवात, केळीखाली, कुठेही, मग घोरपडीची चैन.

स्वभावाचं म्हणाल तर पुस्तकं खाकीला बुजरी म्हणतात, आणि दुसऱ्यांकडे वाढलेली मोठी बदकं आणलीत तर असतीलही. पण पिल्लं हातावर वाढवली तर पाठ सोडत नाहीत. मी स्कूटर लावली की मांगरापासून दारापर्यंत रांग. त्यातली एक पायानं अधू आहे, तिला आम्ही आमदारीण म्हणतो, सगळ्यांत शेवटी पोचते आणि सगळ्यांत आधी खाते. दोन वर्षांमागे रात्री दीडला माद्यांनी असा गोंधळ घातला की शेजारी पण उठले. बॅटरी मारली तर खुराड्याच्या जाळीला हाताएवढा जाड आजगर लागून पडलेला. फॉरेस्टवाले येऊन घेऊन गेले, आणि आवाजाची कुरकुर करणारे शेजारी तेव्हापासून गप्प आहेत.

लोक पहिलं विचारतात, तळं लागत असेल ना? नाही लागत. अंड्यांसाठी पोहायची गरजच नाही. फक्त पाणी इतकं खोल हवं की चोच, नाकपुड्या आणि डोळे आत बुडले पाहिजेत, नाहीतर डोळे चिकटतात. टायरच्या टबात ते आरामात होतं. पण घाण करतात हे मी लपवणार नाही, दोन तासांत पाण्याचं चिखल-पाणी होतं, दिवसातून दोनदा बदलावं लागतं. ते पाणी मी माडांच्या आळ्यांत ओतते आणि नारळ बघायला या म्हणावं. डेंग्यूचे तपासणीवाले आले तेव्हा टायर बघून त्यांचे डोळे चमकले, आत एक अळी मिळेना. रोज ओतलेल्या पाण्यात डास कसला वाढतो.

आता खरं दुखणं. पिल्लं आणायची कुठून? पहिल्या वेळी एका फिरत्या विकणाऱ्याकडून दहा घेतली, सगळ्या माद्या म्हणून जास्त पैसे मोजून. सातव्या-आठव्या आठवड्यात आवाज फुटतो, मादी मोठ्यानं क्वॅक क्वॅक करते आणि नराचा घसा बसल्यासारखा येतो. आम्ही उंबऱ्यावर बसून मोजतोय, दहातल्या सहांचा घसा बसलेला. पुढे सहाजणांच्या शेपटीवर ते कुरळं पीस पण आलं, म्हणजे शंकाच नको. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो, इथे चार माद्यांना सहा, त्यांनी बिचाऱ्यांच्या मानेची पीसं उपटून काढली.

त्याच खेपेला दुकानात बदकांचं खाद्य मागितलं तर कोंबडीच्या पिल्लांचंच दिलं, एकच असतं म्हणे. एकच नसतं. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-3, कोंबडीपेक्षा बरंच जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात आणि पिल्लू घोट्यांवर बसून सरकत चालायला लागतं. आमची आमदारीण त्यातलीच. एका डॉक्टरनं पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्यायला सांगितलं, बाकीची सावरली, तिचा पाय राहिला तो राहिला. आता मी उकडलेल्या बांगड्याचे तुकडे काटे काढून कोंड्यात आणि पेजेत मिसळते, त्यात नायसिन चांगलं असतं. खारी सुंगटं (कोळंबी) मात्र चुकूनही नाही, पिल्लांना मीठ बाधतं.

आणि एक चूक माझी स्वतःची, ती पण सांगते. जुलैत शेंगदाण्याच्या पेंडीची अर्धी गोण मांगरात राहिली, उघडली तर गठ्ठे, त्यावर हिरवट बुरशी. ऊन दाखवलं की बरी होईल असं हे म्हणाले, मी पण दाखवलं आणि घातली. तिसऱ्या दिवशी सकाळी चार पिल्लं पाय ताणून, मान मागे टाकून पडलेली. ऊन देऊन बुरशी मरते, तिचं विष मरत नाही, आणि त्या अफ्लाटॉक्सिनला बदकाचं पिल्लू सगळ्यांत नाजूक. 1960 साली इंग्लंडात पेंडीतल्या याच विषानं लाखावर टर्की गेल्या, बदकाची पिल्लं पण गेली, तेव्हा कुठे जगाला हे कळलं. साठ वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट मला चार पिल्लं पुरल्यावर कळली. आमच्याकडे बदकांबद्दल सांगणारं कोणी नाही म्हणते ते हे असं.

लसीचं तर विचारूच नका. बदकांचा प्लेग नावाचा रोग आहे, आला की कळप साफ, आणि त्यावर लस आहे, दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला टोचतात. मी चौकशीला गेले तर सांगितलं एका बाटलीत शेकड्यानं डोस असतात, फोडली की दोन तासांत संपवायला लागते, तुमच्या दहांसाठी फोडता येत नाही, शंभर बदकं जमवा मग बघू. सांगणाऱ्याचं नियमानं बरोबर आहे, त्याला मी दोष देत नाही. पण दहा बदकंवालीनं नव्वद बदकं कुठून जमवायची? गावागावातून कोणाकडे बदकं आहेत ती यादी माझ्याकडे आहे की पशुसंवर्धन खात्याकडे?

म्हणून मागणं मोठं नाही. महिन्यातला एक दिवस तालुक्याला ठरवा आणि पेपरात छापा, अमक्या बुधवारी बदकांची लस, ज्यांची आहेत त्यांनी आणावीत. आम्ही टोपल्यांत घालून आणू, भाड्याची रिक्षा करून आणू. दुसरं पिल्लांचं. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला केंद्राची कुक्कुटसंस्था आहे, तिथे खाकी कॅम्पबेल ठेवतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस काढतं, म्हणजे रात्रीच्या प्रवासानं मरत नाही. मागणी गोळा करून वर्षातून दोनदा नर-मादी तपासलेली पिल्लं आणून दिली तर आम्ही पैसे मोजून घेऊ, फुकट नकोत. सबसिडीची वाट बघत बसलेली माणसं आम्ही नव्हे, ती वाट माइनिंगमध्ये बघून झाली.

हे नुसतं सोयीसाठी पण नाही. केरळात आलप्पुळा भागात 2014 ला आणि परत 2021 ला बर्ड फ्लू आला तेव्हा हजारो बदकं मारावी लागली. आणि इथे जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं कुठून येतात हे कोणी विचारत नाही. आमच्यासारख्यांना तपासलेला माल मिळाला तर तो धोका कमीच होईल. करमळीच्या तळ्यासारख्या ठिकाणी थंडीत बाहेरची पाखरं उतरतात, त्यांच्यात पाळीव बदकं सोडू नयेत हे पण कोणीतरी सांगायला हवं, मला कोणी सांगितलं नव्हतं.

खायचं राहिलंच. वास येतो म्हणतात, पण तो बदकाला सुकी मासळी जास्त घातली तर. बलक मोठा, फॅट जास्त, कोलेस्टेरॉलवाल्यांनी रोज खाऊ नये आणि कोणीही अर्धकच्चं खाऊ नये, नीट शिजवायचं. शेजारची आंटी नाताळाला बेबिंका हा थराथरांचा गोड पदार्थ करते, 2023 ला त्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा वाड्यावर तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं. ती आता कोंबडीची अंडी घेतच नाही. थराला रंग येतो म्हणते, आणि मी पंधरा रुपयांत एक देते तरी ती घासाघीस करते. सासूबाई मात्र पहिलं वर्षभर शिवल्या नाहीत. मग एकदा त्यांच्या ताटात न सांगता बदकाच्या अंड्याची पोळी घातली, खाऊन झाल्यावर विचारतात, तांतयां खंयचीं? (अंडी कुठली?) तेव्हापासून रोज एक त्यांचं.

खाकीला खुडूक होऊन बसायचं माहीतच नाही, म्हणून अंडी गावठी कोंबडीखाली ठेवते. तिची सवय 21 दिवसांची, बदकाला 28 लागतात, शेवटचा आठवडा ती माझ्याकडे असं बघते की मीच काहीतरी फसवलंय. पिल्लं निघाल्यावर चौथ्या दिवशी सरळ टबात गेली आणि ही बाहेरून टायरभोवती फेऱ्या घालत ओरडतेय, पीसं फुलवलेली, सासूबाई पायरीवर बसून तिला समजावतायत.

सध्या तेरा माद्या आणि चार नर आहेत, म्हणजे दोन नर जादा. कोणाला पाळायला हवे असतील तर माझा पत्ता आपल्या ऑफिसात दिलाय, येऊन न्यावेत, पैसे नकोत. कापायला मिळणार नाहीत, आणि नाताळ झाल्यावरच या.

आपली नेहमीची वाचक,
डिचोली