आमचं मासिक पेपरच्या दुकानात लागलं

प्रिय आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर घाईघाईत सांगितलं, आवाजही तुटत होता, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतेय. मी नोकरी सांभाळून संध्याकाळी ज्या ब्रिटिश कॉमिक्सवरच्या मासिकाचं लेआउट आणि प्रूफं बघते ना, ते या महिन्यापासून न्यूजएजंटकडे, म्हणजे पेपरच्या दुकानांत, मिळायला लागलंय. आजवर ते फक्त वर्गणीदारांना पोस्टाने जायचं, शिवाय कॉमिक्सच्या स्पेशल दुकानांत थोड्या प्रती असायच्या, म्हणजे ज्याला आधीपासून माहितीये त्यालाच मिळायचं. आता दूध, ब्रेड, लॉटरीचं तिकीट घ्यायला आलेल्या माणसालाही ते समोर दिसतं!

आई, तू विचारलंस की दुकानात ठेवण्यात एवढं काय मोठं. तर ऐक. आपण छापायचं, डिस्ट्रिब्युटरला द्यायचं, तो होलसेलरला देणार, देशभरात मोठे होलसेलर दोनच आणि त्यांनी एरिया वाटून घेतलेले, मग तिथून पहाटे पेपरच्या गठ्ठ्यांबरोबर दुकानात. पुढचा अंक आला की न खपलेल्या प्रती परत जातात आणि त्यांचा लगदा होतो. न खपलेल्या प्रतींचे पैसे दुकानदाराला द्यावे लागत नाहीत, कागद आणि छपाईचा खर्च सगळा आपल्या डोक्यावर, आणि जे खपलं त्याचे पैसेही काही महिन्यांनी हातात येतात. मोठ्या प्रकाशकांना हे झेपतं, आम्ही चार-पाच माणसं, त्यामुळे खूप वाद झाले आमच्यात, पण शेवटी ठरवलं की जायचंच.

कारण ही ब्रिटिश कॉमिक्स मुळात दुकानांतल्या याच फळ्यांवर विकली गेली. मी राहते त्या स्कॉटलंडमधल्या डंडीतच डी. सी. थॉमसन ही प्रकाशन कंपनी आहे, तिचं मुलांचं कॉमिक 'द डँडी' ४ डिसेंबर १९३७ ला आलं आणि 'द बीनो' ३० जुलै १९३८ ला, आणि १९५० च्या सुमारास एकेकाचा खप आठवड्याला २० लाखांच्या घरात होता. ख्रिसमसला यांचे जाडजूड वार्षिक अंक निघतात, आपल्या दिवाळी अंकांसारखी घराघरात वाट बघतात लोक. शहराच्या मधोमध 'डँडी'तल्या डेस्परेट डॅन या दांडग्या काउबॉयचा भलामोठा पुतळा आहे आणि त्याच्या मागे गलोल ताणून उभी असलेली 'बीनो'तली खोडकर मिनी, आई तुला त्याच्याशेजारचा माझा फोटो पाठवला होता बघ. पण ही कॉमिक्स कोणी काढली हे वाचणाऱ्याला माहीत नसायचं, कारण चित्रकाराचं नाव छापायचंच नाही अशी पद्धत होती. डॅन काढणारे डडली वॉटकिन्स हे अपवाद, त्यांना पुढे सही करायची परवानगी मिळाली. ते १९६९ ला ड्रॉइंग बोर्डवर काम करता करताच गेले. बाकीच्यांनी आयुष्यभर आठवड्याला पानंच्या पानं काढून दिली, मूळ चित्रंसुद्धा कंपनीकडेच राहायची. १९७७ ला लंडनहून '२००० एडी' हे विज्ञानकथांचं कॉमिक निघालं, त्यांनी पहिल्याच वर्षात लेखक-चित्रकारांची नावं छापायला सुरुवात केली तेव्हा कुठे परिस्थिती बदलायला लागली, आणि तरी इतरांना बरीच वर्षं लागली. मला याचा खरंच राग येतो. म्हणूनच ती नावं आता त्याच फळीवर, सगळ्यांना दिसतील अशी यावीत असं मला फार वाटत होतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही रद्दीवाल्याकडून आणायचात ती युद्धकथांची छोटी छोटी कमांडो कॉमिक्सची पुस्तकं, तीपण इथलीच, डी. सी. थॉमसनचीच, १९६१ पासून अजून निघतात. त्यांच्या कव्हरवरची विमानं तुम्हाला किती आवडायची, आम्हाला हात लावू द्यायचा नाहीत! त्यातली कितीतरी कव्हरं इयन केनेडी यांनी रंगवलीत, हा माणूस डंडीतच जन्मला आणि २०२२ मध्ये गेला. या अंकात त्यांच्यावर मोठा लेख आहे, पानं मीच लावली. एक कव्हर मोठं करून स्क्रीनवर बघत होते तर स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या एक्झॉस्टपासून मागे पसरत गेलेला काळा डाग, पंखावरचा रंग उडालेल्या जागा, सगळं त्यांनी ब्रशने एवढं बारीक केलंय, आणि ते छापलं जाणार तळहाताएवढ्या पुस्तकावर. मी त्या एका चित्राला अख्खं पान दिलं आणि खाली नाव ठळक टाकलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका गुजराती काकांचं दुकान आहे, त्यांच्या घरचे १९७२ ला युगांडातून इथे आले. त्यांनी आमचा अंक रेल्वे आणि लष्करी मासिकांच्या शेजारी, बरोब्बर डोळ्यांच्या उंचीवर लावलाय. आणि ज्या दुकानात नसेल तिथे सांगून मागवता येतो, दुकानदार कोपऱ्यावर पेन्सिलने गिऱ्हाइकाचं नाव टाकून बाजूला ठेवतो. शनिवारी मी तिथे होते तेव्हा एक आजोबा नातीला बीनो घेऊन द्यायला आले होते, त्यांनी आमचा अंक उचलला, उभ्या उभ्या 'चार्लीज वॉर' या चित्रकथेवरचा लेख उघडला आणि नात हात ओढतेय तरी वाचतच राहिले. ती पहिल्या महायुद्धातल्या पोराची गोष्ट, वयाच्या सोळाव्या वर्षी भरती झालेला, घरी चुकांनी भरलेली पत्रं लिहिणारा, १९७९ पासून 'बॅटल' या युद्धकथांच्या कॉमिकमध्ये यायची, लिहिली पॅट मिल्सनी आणि काढली जो कोहूननी. खंदकातला चिखल असा काढलाय की बघवत नाही. आजोबांनी दोन्ही घेतले आणि गेले, मी काही बोलले नाही, पण मला इतका आनंद झाला की काय सांगू.

ऑफिसातला एक जण महिनाअखेरीस पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर दोन अंक पाठवते. बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून फार दिवस झालेले नाहीत, तेव्हा डॉक्टर हो म्हणाले की मगच वाचा, आणि दिवसाउजेडी. आणि एक काम आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची जुनी कमांडो असतील तर कव्हर आणि पहिल्या पानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, अंकाचा क्रमांक दिसला पाहिजे, त्यावरून चित्रकार कोण ते इथे शोधता येतं. ट्रंक काढायला स्वतः चढू नका, शेजारच्या मुलाला सांगा. आई, साफसफाईत ती पुस्तकं रद्दीत घालू नकोस गं, प्लीज. गुडघ्याचं तेल पण ऑफिसातल्या त्या माणसाच्याच हातून पाठवतेय.

तुमची,
मनू