लिक्विड कूलर घेताय? पंपाबद्दल आधी विचारा

संपादक साहेब, नमस्कार,

घरच्या पीसीसाठी रेडिमेड लिक्विड कूलर, म्हणजे प्रोसेसर पाण्याने थंड करणारं किट, कसा निवडावा यावर तुमच्या पुरवणीत लेख आला तो वाचला. लेख चांगलाय, पण निम्मी जागा रंगीत आरजीबी लाईट आणि पंपावरच्या छोट्या स्क्रीनला गेली आणि आवाजाचं 'एकदम सायलेंट' म्हणून उरकलं, म्हणून हे पत्र. मी घरी ऑडिओबुकचं रेकॉर्डिंग करते, माईक टेबलावर आणि पीसी टेबलाखाली, त्यामुळे आवाज हाच माझ्यासाठी पहिला मुद्दा आहे, लाईटचं काय ते दिवाळीत बघू.

मुळात पाणी काही उष्णता गायब करत नाही, प्रोसेसरवरून उचलून रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या जाळीदार पट्टीपर्यंत, नेतं एवढंच, तिथून पुढे हवाच लागते म्हणजे पंखे आलेच आणि वर पंप आला तो वेगळाच. पंखा हळू केला की नुसती हवेची सळसळ राहते, कानाला त्याची सवय होते. पंपाचं तसं नाही, तो मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारत बारीक चीं करत राहतो आणि रात्री खोली शांत झाली की नेमकं तेवढंच ऐकू येतं. बॉक्सवर जो डेसिबलचा आकडा असतो तो बऱ्याचदा एका पंख्याचा असतो, पंपाचा त्यात हिशोबच नाही, आणि ३६० च्या किटमध्ये (म्हणजे १२० मिमीच्या तीन पंख्यांचा रेडिएटर) तसले तीन पंखे म्हणजे आकडा जवळपास ५ डेसिबलने वर जातो हे कोणी सांगत नाही. शिवाय बरेच मदरबोर्ड पंपाचा कनेक्टर पहिल्यापासून फुल स्पीडवर ठेवतात, बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तो थोडा कमी केला तर निम्मी तक्रार तिथेच मिटते, पण त्यासाठी पंपाचा स्पीड बदलता येणारं किट पाहिजे, हे घेतानाच विचारा.

आणखी एक गंमत म्हणजे असेटेक नावाची डेन्मार्कची कंपनी आहे, तिने बनवलेले पंप वर्षानुवर्षं कितीतरी ब्रँड आपापलं स्टिकर लावून विकत आलेत. म्हणजे दोन किटच्या किमतीत चार-पाच हजारांचा फरक असला तरी आत पंप एकाच घरचा असू शकतो, जास्तीचे पैसे स्क्रीनचे.

पण खरं सांगू का, कित्येकांना हे लागतच नाही. रायझन ५ ७६०० सारखा ६५ वॅटचा प्रोसेसर असेल तर त्याच्यासोबत फुकट आलेला कूलरही काम भागवतो आणि अजून शांतता हवी तर नॉक्टुआ कंपनीच्या कूलरसारखा मोठा, फक्त हवेवर चालणारा एअर कूलर बसवा, त्यात पंपच नाही तर वाजणार काय. आय९ १४९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर तासन् तास रेंडरिंगला जुंपणार असाल तर मात्र ३६० घ्या, कारण मोठा रेडिएटर म्हणजे पंखे हळू फिरवूनही चालतं. फक्त कॅबिनेट मोजून घ्या, ३६० चा रेडिएटर प्रत्यक्षात जवळपास ४०० मिमी लांब भरतो आणि आर्क्टिक कंपनीच्या लिक्विड फ्रीझर किटचा तर ३८ मिमी जाड आहे, त्यावर २५ मिमी जाडीचे पंखे धरले तर कॅबिनेटच्या छतात ६३ मिमी जागा पाहिजे, रॅम आडवी आली की संपलं. आणि ग्राफिक्स कार्डचे पंखे वेगळेच बोंबलतात, प्रोसेसरला पाणी पाजून ते गप्प होत नाहीत.

बसवताना रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावलेला सगळ्यात बरा. किट सीलबंद असलं तरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडतं आणि आत हवा जमते, ती सगळ्यात उंच जागी जाऊन बसते, ती जागा पंपाची असली की गुळगुळ आवाज सुरू आणि पंपाचं आयुष्यही कमी. म्हणून वॉरंटी ५-६ वर्षांची बघा.

आम्हा नागपूरकरांसाठी तर वेगळाच हिशोब. रिव्ह्यू असतात एसीतल्या विशी-पंचविशीच्या तापमानातले, इथे मे महिन्यात खोलीच ३८-४० ला असते आणि आतलं पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. बऱ्याच किटमध्ये पाण्याची मर्यादा ६० अंशांच्या आसपास, म्हणजे हातात राहिले वीसेक अंश, त्यात जाळीवर धूळ बसलेली असली की पंखे किंचाळणारच. पंख्यांचा स्पीड प्रोसेसरच्या नाही तर पाण्याच्या तापमानाला जोडता येत असेल तर जरूर जोडा, पाणी सावकाश तापतं त्यामुळे ब्राउझर उघडला की पंखे एकदम भडकणं बंद होतं. खिडकीतला डेझर्ट कूलर चालू असेल तर अर्थात यातलं काहीच ऐकू येत नाही, मी तेव्हा रेकॉर्डिंगच करत नाही.

पुढच्या वेळी पुरवणीत तक्ता छापलात तर लाईटच्या कॉलमऐवजी एवढं टाका की पंपाचा स्पीड कमी करता येतो का, आणि डेसिबल मोजला तो किती अंतरावरून आणि खोलीचं तापमान किती असताना.

आपली,
एक वाचक, नागपूर