बाळ बघायला वॉर्डात येऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आपल्या अंकात डेंगीच्या रुग्णांचे आकडे जवळजवळ रोज असतात. ते हवेतच. पण याच दिवसांत, साधारण जुलैपासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत, आपल्या भागातले मुलांचे वॉर्ड ज्या विषाणूने भरतात त्याचं नाव कित्येक आईबापांनी ऐकलेलंही नसतं. मी ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली १९ मुलांच्या वॉर्डात. म्हणून हे पत्र.

आरएसव्ही हा तो विषाणू. मोठ्या माणसाला त्याने बहुधा नुसती सर्दी होते. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो एकदा तरी गाठतो, आणि बहुतेकांचं चार दिवस नाक गळून भागतं. पण सहा महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या मुळातच अरुंद. त्या सुजून चिकट बेडक्याने भरल्या की आत गेलेली हवा धड बाहेर पडत नाही. आया म्हणतात, “सिस्टर, पोट उडतंय.” डॉक्टर केसपेपरवर ब्राँकिओलायटिस लिहितात. २०१९ या एका वर्षात जगभरातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३६ लाख मुलांना आरएसव्हीपायी रुग्णालयात ठेवावं लागलं आणि एक लाखाच्या वर मुलं दगावली, असा अंदाज आहे. त्यातले ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले.

दाखल झाल्यावर रोज कानावर येणारं वाक्य म्हणजे, “भारीतलं इंजेक्शन का देत नाही?” अशा बाळाला खरा आधार ऑक्सिजनचा. त्याखेरीज नाक मोकळं करणं, आणि दूध ओढता येत नसेल तर नळीने थोडं थोडं देणं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. खोकल्याचं औषध तर दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नका, असं मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या भेसळीच्या औषधाने मुलं दगावली तेव्हा, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केंद्राच्या आरोग्य खात्यानेच बजावलं होतं.

पण मला लिहायचंय ते भेटायला येणाऱ्यांबद्दल.

आमच्या वॉर्डात एक आठ महिन्यांचं बाळ जुलाबासाठी आलं होतं. दोन दिवसांत सावरलं, हसायला लागलं. मग गावाकडून गाडी भरून मंडळी आली. आजीला सर्दी होती. तिने पदराने आपलं नाक पुसलं आणि त्याच पदराने बाळाचं तोंड. मायेनेच. पाचव्या दिवशी त्या बाळाला ऑक्सिजन लावायची वेळ आली, आणि घरी जायचं ते आणखी नऊ दिवस राहिलं. आजीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे एका खाटेवर दोन-दोन मुलं होती आणि जोडीचं मूल खोकत होतं. शिवाय आम्ही स्वतः! हा विषाणू हातांवर काही वेळ आणि खाटेच्या दांडीवर काही तास टिकतो. एका बाळाचं नाक साफ करून, हात न धुता दुसऱ्याकडे धावलेली नर्स मी पाहिली आहे. कधी कधी ती मीच होते. रात्रपाळीला चाळीस मुलांमागे दोघी, आणि बेसिन वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला. साबण टिकायचा नाही म्हणून आम्ही वडीला भोक पाडून ती सुतळीने नळाला बांधत असू. सुतळी राहायची, साबण जायचा.

जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरुच्या दोन बाळांना एचएमपीव्ही झाल्याची बातमी आली तेव्हा मात्र सगळे घाबरले. तो विषाणू २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला, आणि मुलांना होणारा त्रास बराचसा आरएसव्हीसारखाच. तरी नात्यातल्यांनी मला फोन करकरून विचारलं, मास्क लावू का? पंधरा दिवसांत सगळं विसरले. त्यातल्याच एका भाचीने श्रावणात ओल्या बाळंतिणीचं बाळ बघायला आपला शेंबडा मुलगा नेला.

मागण्या फार नाहीत. खोकणारी मुलं वॉर्डाच्या एका बाजूला ठेवा, बेसिन दाराशी आणा, एका मुलाजवळ एकच माणूस राहू द्या आणि हा नियम नगरसेवकाच्या पाहुण्यांनाही लावा. गरोदरपणी शेवटच्या महिन्यांत आईला द्यायची लस आणि जन्मल्यावर बाळाला द्यायचं प्रतिपिंडांचं इंजेक्शन, असे दोन उपाय २०२३ पासून अमेरिकेसारख्या देशांत वापरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सर्व देशांना शिफारस केली. आपल्या सरकारी लसीकरणात ते कधी येणार, हे आपल्या वार्ताहरांनी विचारावं.

आणि डेंगीच्या आकड्यांशेजारी एक छोटी चौकट छापा. बाळाचा सदरा वर करून, ते शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० भरले तर दवाखाना गाठायचा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ अंगावर पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसले तर मोजत बसायचंसुद्धा नाही.

नातेवाइकांना भेटायचंच असेल तर आईला भेटा, खाली गेटवर. ती बहुधा सकाळपासून जेवलेली नसते. तिच्यासाठी भाकरी-भाजीचा डबा न्या.

— एक निवृत्त परिचारिका, पुणे