कारणाचा रकाना

वारजे, पुणे
3 ऑगस्ट

प्रिय दिल्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळं ठीक आहे. आईचे गुडघे होते तसेच, माझी साखर गोळीवर ताब्यात, अश्विनीची बदली या वर्षापुरती टळली. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्याच वाक्याला तोडतोस आणि हे मला सलग सांगायचंय. शिवाय तुझ्या शाळेच्या टेकाडावर रेंज कधी येते आणि कधी जाते हे तुझ्या मुलांनाच ठाऊक.

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीत महापालिका शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, तू वर्षानुवर्षं करतोस तेच. हातात पॅड, पावसाने कडा भिजलेले फॉर्म. दार मी उघडलं. "सहा ते चौदा वयाचं कुणी आहे का घरात? शाळेत जातं ना?" असल्या सोसायटीत या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, त्यामुळे पेन आधीच पुढच्या फ्लॅटच्या नंबरवर गेलं होतं. मी म्हणालो, मुलगी आहे, शाळेत नाही जात, घरी शिकते. पेन थांबलं.

त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. ईरा आतून आली. बाईंनी तिला पेपर वाचायला दिला, तिने तो धडाधड वाचला. सतराचा पाढा विचारला, तर ही सतरा दाहे एकशेसत्तरपासून सुरू करून उलटी खाली आली. बाई हसल्या. म्हणाल्या, "हुशार आहे हो पोरगी. मग घरी का ठेवलीत?"

या प्रश्नाचं माझं उत्तर तयार असतं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, अश्विनीच्या बँकेतल्या लोकांना देऊन देऊन पाठ झालंय. पण त्या दिवशी ते तोंडातून बाहेरच येईना, कारण पॅडवरची वरची ओळ मला दिसत होती. मागे बांधकाम चालू आहे ना, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांमधली मुलगी. वय 10. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "लहान भाऊ सांभाळते". माझ्या देखत बाईंनी त्याखाली ईराचं नाव लिहिलं, वय 9, आणि कारण लिहिलं, "पालकांची इच्छा".

तेव्हापासून धड झोप नाही. अश्विनीला सांगितलं तर म्हणाली, "त्यात खोटं काय लिहिलंय?" खोटं काहीच नाही, दिल्या. म्हणूनच तुला लिहितोय. 2015 मध्ये 4 जुलैला अशाच सर्वेक्षणासाठी तू दिवसभर स्टँडमागच्या पालांवर मुलांच्या बोटांना शाई लावत फिरलास आणि रात्री मला फोन करून कितीतरी वेळ बोलत राहिलास. त्या यादीत कोणाची नावं यायला हवीत हे तुझ्याइतकं मला दुसरं कोण सांगणार? त्या मुलीला शाळा हवी असून मिळत नाही. ईराला मिळालेली होती.

आता आधी आमचं ऐकून घे. गेल्या वर्षी मी तुला ईराचा शाळेतून दाखला काढल्याचं सांगितलं आणि पुढचं काही बोलायच्या आत तू "तुम्ही कोथरूड-वारज्याची माणसं" म्हणून सुरू झालास, ते कारणापर्यंत आपण पोचलोच नाही.

दुसरीपासून रविवारी रात्री तिचं पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं. सोमवारी सुट्टी असली की पोट दुखत नाही, हे आईने ओळखलं. मग तिसरीत एक पेपर घरी आला. 63 वजा 28. हिने हातचा घेतलाच नव्हता. 28 मध्ये 2 मिळवले की 30, तिथून 63 पर्यंत 33, म्हणून 35. समासात बारीक अक्षरांत हे सगळं लिहिलंही होतं. त्यावर लाल रेघ आणि शेजारी "पद्धत?" एवढंच. मी भेटायला गेलो. बाई वाईट नव्हत्या रे. वर्गात मुलं खच्चून भरलेली, आणि सगळ्यांच्या वह्या सारख्या दिसल्या पाहिजेत असा वरून आदेश. त्या मला म्हणाल्या, "सर, ती काय करते ते मला कळतं. पण तिला मार्क दिले तर बाकीचे पालक येऊन भांडतात." यावर मी काय बोलणार?

त्यानंतर ईरा घरी प्रत्येक गोष्ट विचारून करायला लागली. वजाबाकी कशी करू, हे ठीक आहे. पण चित्र काढतानासुद्धा, आकाशाला कुठला निळा घेऊ? आधी हिच्या चित्रात आकाश कुठल्याही रंगाचं असायचं. ज्या दिवशी तिने हे विचारलं त्या रात्री अश्विनीने ठरवलं. मी नंतर. आईने तर अजूनही ठरवलेलं नाही, ती रोज दहावीचं काय, म्हणून विचारते. तिला मी सांगतो की एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय, 1989 पासून आहे, चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय घ्यायचे, विभागीय केंद्र इथे पुण्यातच आहे. नाहीतर बाहेरून परीक्षेला बसायचा आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच. आई म्हणते, सतरा नंबर नापास मुलं भरतात. तू एकदा तिला समजाव, गुरुजींचं ती ऐकते.

शिकणं कसं चाललंय ते एकच सांगतो. परवा पाऊस लागला तेव्हा पेपरात आलं, खडकवासल्यातून मुठेत इतके इतके क्युसेक पाणी सोडलं. ईराने विचारलं, क्युसेक म्हणजे केवढं? एका सेकंदाला एक घनफूट. मग घनफूट म्हणजे किती लिटर? बारा इंचांचं पुठ्ठ्याचं खोकं केलं, मोजलं, 28 लिटरच्या थोडं वर आलं. आमची बादली भरते 14 लिटरला. म्हणजे एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दोन बादल्या! तिने दहा हजार क्युसेकच्या बादल्या काढल्या आणि गप्पच झाली. मग म्हणाली, बघायला चल. नदीकाठी गेलो तर भिडे पूल पाण्याखाली, नुसता गढूळ लोंढा. ती कठड्याला धरून बराच वेळ उभी होती आणि ओठांत मोजत होती. भूगोल, गणित, पानशेतचा 1961 चा पूर, तो आईने लहानपणी ऐकलेला, सगळं त्या एका आठवड्यात झालं. पोट म्हणशील तर वर्षभरात दुखलेलं नाही. हे सगळं खरं आहे, आणि ते मी सोडणार नाही, हेही तुला सांगून ठेवतो.

रविवारी तळजाईवर असे आणखी पालक भेटतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी. एकाच्या मुलाला अक्षरं उलटी दिसतात आणि तीन शाळांनी त्याला ढ ठरवून झालंय. एकीची मुलगी पहाटेपासून तलावात असते, तिला शाळेची वेळ जमत नाही. एक जोडपं सारखं बदलीवर. बरेच जण लॉकडाऊनमधून आलेले. मार्च 2020 पासून दीड-पावणेदोन वर्षं वर्ग घरातल्या मोबाइलवर भरला, आपलं पोर दिवसभर काय ऐकतं ते आईबापांनी पहिल्यांदा ऐकलं आणि पुन्हा पाठवायला मन घेईना. फीचा आकडा हेही कारण असतं, ते कुणी मोठ्याने बोलत नाही एवढंच. या सगळ्यांशी माझं जमतं. पण दोघेतिघे असे आहेत की त्यांच्या बोलण्याने माझं डोकं फिरतं. एकाला मूल घरी हवंय ते बाराव्या वर्षीच आयआयटीच्या तयारीला जुंपायला. दुसरे एक गृहस्थ सरळ म्हणाले, "शाळेत हल्ली कोणकोणती मुलं येतात, आपण बघतो ना." मी उठून आलो.

उठून आलो खरा, पण घरी येईपर्यंत तुझंच वाक्य कानात. भिडेवाडा पाडल्यावर तू आला होतास, डिसेंबर 2023. बुधवार पेठेत त्या मोकळ्या जागेसमोर उभा राहून मला म्हणालास, "1848 साली जोतिरावांनी आणि सावित्रीबाईंनी इथे वर्ग भरवला तो मुलींना घराबाहेर काढायला. तुम्ही लोक त्यांना परत घरात नेताय." तेव्हा ईरा शाळेतच होती, नुसता विषय निघाला होता, तरी तू पेटलास. मी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. आईने संस्कृत शिकवलं, शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पदवी दिली. तू चहाचा पेला खाली ठेवलास आणि म्हणालास, "आणि त्याच बाईंनी 1889 मध्ये शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. स्वतः घरी शिकल्या, पण दुसऱ्या मुलींसाठी शाळाच काढावी लागली ना?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीट सुचलेलं नाही. पक्या मध्ये पडला नसता तर आपण त्या दिवशी बोलणंच टाकलं असतं. (पक्याचा परवा श्टुटगार्टहून फोन होता. म्हणे, जर्मनीत पोर शाळेत न घालता घरी शिकवलंस तर दंड बसतो. स्वतः आठवीत वर्षातले किती दिवस पर्वतीवर होता ते विसरला लबाड.)

कायद्याचं तू बोलशील म्हणून आधीच सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 10 मला पाठ आहे, तूच वाचून दाखवलं होतंस. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. पालकांना शिक्षा त्यात नाही. कलम 4 पण वाचलंय, ईराला कधीही वयानुरूप वर्गात थेट प्रवेश मिळू शकतो, वाट बंद झालेली नाही. माझी झोप त्या भीतीने गेलेली नाही.

झोप गेली ती त्या दोन शब्दांनी, पालकांची इच्छा. बाई गेल्यावर मी बसून विचार केला, हिच्या दिवसात आमच्या इच्छेबाहेरचं काय आहे? पुस्तकं आम्ही आणलेली. कथकच्या बाई आम्ही निवडलेल्या. तळजाईवरची मुलं आमच्याच ओळखीच्यांची, सगळ्यांच्या घरी तशीच पुस्तकं, तसेच सोफे. भांडण झालं तर आईबाप दोन मिनिटांत मिटवतात. तुझी-माझी दोस्ती कशी झाली? सहावीत रोल नंबरने एका बाकावर बसवलं म्हणून. मी तर सरांना जागा बदलून मागितली होती. तू माझा कर्कटक ढापलास, मी तुझी टोपी खिडकीबाहेर टाकली, दोघांनाही अंगठे धरून उभं केलं. नंतर तुझ्या घरी आलो आणि तुझे अण्णा मार्केट यार्डातून ओझी वाहून आले. त्यांची पाठ शेकायला घरात विटकर तापत ठेवली होती. ओझं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. आमच्या नानांनी निवडला असता तर तू मला कधी भेटला असतास का? नाना चांगले होते, पण नसतास भेटला.

ते बाक मी ईराला घरी कुठून देऊ? बाकी सगळं देता येतं, अगदी क्युसेकसुद्धा. ही एकच गोष्ट मला घरी करता येत नाही. आणि ज्या शाळेतून तिला काढलं तिथेही ते बाक नव्हतं, तिथेही सगळी आमच्यासारखीच. म्हणून परत तिथे पाठव म्हणशील तर ते काही उत्तर नव्हे.

म्हणून मागतोय. दिवाळीची सुट्टी संपली की ईराला घेऊन मी तुझ्याकडे येतो. महिनाभर तिला तुझ्या वर्गात बसू दे. पटावर नाव नको, पोर्टलवर काही भरू नकोस, तुझ्या केंद्रप्रमुखांना काय सांगायचं ते तू ठरव. पण तिला पाहुणी म्हणून पुढे बसवू नकोस आणि पुण्याची म्हणून कौतुक तर अजिबात नको. पटावर ज्याच्याशेजारी जागा असेल तिथे बसव. मारामारी झाली तर होऊ दे. मी गावातच खोली बघतो, प्रुफं तिथे बसूनही वाचता येतात. आणि तुला चालणार असेल तर दुपारनंतर तासभर तुझ्या चौथीच्या मुलांचं वाचन घेईन. आणि इथे, त्या बांधकामावरच्या मुलीचं त्या बाईंनी मनावर घेतलंय. भावाला अंगणवाडीत घेतलं तर ती शाळेत येईल असं म्हणत होत्या. मी परवा त्यांच्याबरोबर जाऊन तिच्या आईला भेटून आलो. अजून हो म्हणालेली नाही. पुन्हा जाणार आहे. तू असतास तर नक्की काय बोलला असतास ते कळव, तुला या कामाची सवय आहे.

तुझं काय? कमी पटाच्या शाळांचं ते समूह शाळेचं घोंगडं अजून भिजतंच आहे का? तुझी दहा-बारा पोरं उचलून कुठे नेणार ते? श्रुतीचं बारावीनंतर काय ठरलं? पुण्यात येणार असेल तर हॉस्टेल बघू नका, आमच्याकडे राहील, आईला सोबत होईल. सुनीतावहिनींच्या मानेचं दुखणं थांबलं असेल अशी आशा. त्यांना सांग, लसणाची चटणी संपली.

नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हण, व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवू नकोस. हो असेल तर शाळा कुठल्या तारखेला उघडते तेवढं कळव, मी एसटीचं बघतो.

तुझा,
विन्या