घाणेरीची ‘जिद्द’, माकडाचा ‘हट्ट’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत पश्चिम घाटातलं सिंहपुच्छ माकड आणि घाणेरी (लॅन्टाना) या परदेशी झुडपाची तुलना वाचली. माकड ‘हट्टी’, म्हणून संपत चाललं. घाणेरी ‘जिद्दी’, म्हणून फोफावली. सबब वाचकांनी घाणेरीचा कित्ता गिरवावा. वा!

अहो, दोन्हींचं मूळ एकच. सदाहरित जंगलातून रस्ता काढला की वरचं पानांचं छत फाटतं. झाडावरून झाडावर जाणारं माकड तिथेच अडतं आणि खाली पोचलेल्या उन्हावर घाणेरी माजते. तमिळनाडूतल्या वालपराईला रस्त्यांवर झुलते पूल बांधले, ते माकडाचे लाड म्हणून नव्हेत. मादी पहिल्यांदा विते तीच सहा-सात वर्षांची झाल्यावर, आणि एका वेळी पिल्लू एकच. घाणेरीची फळं बुलबुलांनी खाल्ली की काम झालं.

लेखाशेजारची चौकट मात्र निव्वळ घातक: ‘सुटीच्या दिवशी कोयता घेऊन घाणेरी छाटा.’ कृपा करून छाटू नका! खुंटाला चहूबाजूंनी फुटवे येतात आणि जाळी आधीपेक्षा दाट होते. फळं धरण्याआधी, माती ओली असताना बुंध्याजवळची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर कुदळीने तोडायचं. मग झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून वाळू द्यायचं. नाहीतर जमिनीला टेकलेल्या फांद्या पुन्हा रुजतात. फळं असतील तर फरफटत नेऊ नये, वाटभर पेरणी होते. पुढची निदान दोन वर्षं पावसाळ्यात रोपं उपटत राहावं लागतं, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली. मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवत लावलं नाही तर घाणेरी परत आलीच म्हणून समजा. आणि राष्ट्रीय उद्यानात हे सगळं वनखात्याला विचारूनच. तिथे कोयते घेऊन शिरणाऱ्यांचं स्वागत कसं होतं, हेही चौकटीत छापायला हवं होतं.

जाता जाता, छापलेला फोटो निलगिरी वानराचा आहे. सिंहपुच्छाच्या काळ्या तोंडाभोवती राखाडी आयाळ असते, शेपूट आखूड आणि टोकाला गोंडा. तुमच्या फोटोत आयाळ नाही, गोंडा नाही, डोकं पिंगट आणि शेपूट अंगापेक्षा लांब.

सिंहपुच्छ कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या वर सापडत नाही, तेव्हा फोटो मिळवायची अडचण समजू शकतो. पण बोरिवलीच्या उद्यानात लोक ज्यांना केळी चारतात ती बॉनेट माकडंही आता आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या ‘असुरक्षित’ वर्गात आहेत. पुढचा लेख त्यांच्यावर करा. फोटोग्राफरला लोकलचं तिकीट पुरेल.

एक वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई