कानात कुई वाजते, तेव्हा तेल घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेडफोनने कान बिघडतात, हे आता कोणाला सांगायला नको. बिघडल्यावर काय करायचे, तिथे मात्र गोंधळ आहे. अभ्यासिकेत सहा-सहा तास इअरबड घालून लेक्चर ऐकणारी भरतीची पोरे असोत, की रोटाव्हेटर मारताना अहिराणी गाणी लावणारा ट्रॅक्टरचालक. 'कान दुखस, कानमा कुई वाजस' असे घरी म्हटले की लसणाची पाकळी टाकून तेल कोमट होते, नाहीतर मेडिकलवरून थेंब येतात. दोन्ही बहुधा चुकतात. कारण दुखणे आणि आवाज हे एकाच वेळी सुरू झाले तरी बहुतेकदा दोन वेगळे आजार असतात. दुखणे बाहेरच्या नळीतले किंवा जबड्याचे, आवाज आतल्या कानाचा.

आधी दुखणे, कारण ते लवकर बरे होते. कानाच्या छिद्रापुढे गालाच्या बाजूला कुर्चेची छोटी बोंडी असते. ती बोटाने दाबा, मग कानाची पाळी वर-मागे ओढा. यात कळ आली तर दुखणे नळीच्या कातडीत आहे. इअरबडचे रबर नळी बंद करते, घाम आत कोंडतो, मळ आत ढकलला जातो आणि भिजलेली कातडी सोलवटते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असताना हे व्हायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते: खाज, दडा आणि भिजल्या कागदासारखा पांढरा-काळा लगदा. तेलाने हा लगदा हटत नाही, उलट ओल टिकून राहते. डॉक्टर सक्शनने नळी साफ करतात आणि मग बुरशीचे किंवा जंतूंचे थेंब देतात. नुसते थेंब लगद्याच्या वरच राहतात. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून बसवा. काडी, पिन, किल्ली काही घालू नका. जंतुसंसर्गाची कळ योग्य औषधाने दोन-तीन दिवसांत उतरू लागते. तशी उतरली नाही किंवा रुग्णाला मधुमेह असला तर थांबू नका. मधुमेहात हाच संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

बोंडी दाबून दुखत नाही, पण चावताना, जांभई देताना दुखते, तर जबड्याचा सांधा पाहा. सुपारी-गुटखा खाणाऱ्याने स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी तोंडात जातात का ते बघावे. जात नसतील तर कानाच्या आधी तोंड तपासून घ्यावे. हे कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता आवाज, म्हणजे कर्णनाद. आतल्या कानात ध्वनी पकडणाऱ्या केसपेशी सुमारे पंधरा हजार असतात, आणि मेलेली पेशी माणसात परत उगवत नाही. मोठ्या आवाजानंतर त्या आधी थकतात. कान बधिर होतो, शीळ वाजते आणि बहुतेकदा दिवसा-दोन दिवसांत उतरते. असे वारंवार झाले की काही पेशी कायमच्या जातात, आणि तिकडून येणारा संदेश कमी झाल्यावर मेंदू आपली पट्टी वाढवतो. ती वाढवलेली पट्टी म्हणजेच कुई, असे मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, ९० ला ४ तास, ९५ ला सव्वा तास, १०० ला २० मिनिटे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर मुळातच ९० च्या आसपास आवाज असतो. त्यावर गाणे ऐकू यायचे तर ९५ तरी हवे. म्हणजे आठवड्याचा कोटा सव्वा तास, आणि एका एकराचा रोटाव्हेटर मारायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ट्रॅक्टरवर कानात गाणी नकोत, कानावर आवाज अडवणारा इअरमफ हवा.

एक गोष्ट मात्र घाईची. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक कमी ऐकू येत असेल, तर 'दडा बसला, निघेल' म्हणून बसू नका. तोंड मिटून 'म्म्म' असा सूर धरा. आवाज दडे बसलेल्या कानात जोरात वाटला तर बहुधा मळ किंवा मधल्या कानाची अडचण असते. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाला मार बसलेला असू शकतो. हा फक्त अंदाज आहे, तपासणी दोन्ही वेळा हवीच. पण आतल्या कानाचे निघाले तर स्टेरॉइडचा उपचार शक्य तितक्या लवकर सुरू व्हावा लागतो. दोन आठवडे उलटल्यावर फारसे हाती लागत नाही. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाज, फक्त एकाच कानात टिकून राहिलेला आवाज किंवा सोबत चक्कर, यांचीही तपासणी टाळू नये.

आवाजाची तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री, ऐकण्याची चाचणी. आदले १६ तास मोठ्या आवाजात जाऊ नका. रात्री वरातीत डीजेपुढे नाचून सकाळी केलेली तपासणी खोटी. आवाजाने झालेली इजा चाचणीच्या आलेखात बहुधा ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच सुराला, खड्डा दाखवते, म्हणून ३००० आणि ६००० हर्ट्झही तपासायला सांगा. 'रिपोर्ट नॉर्मल' आला तरी कुई खरी असू शकते. त्याला मनाचा खेळ म्हणणे चूक आहे.

सगळ्यात मोठी चूक शांततेची. आवाज नको म्हणून लोक कानात बोळे घालून बंद खोलीत झोपतात. संदेश आणखी कमी होतो, मेंदू पट्टी आणखी वाढवतो, आणि पुढे भांड्यांचा खणखणाटही सोसत नाही. उन्हाळाभर उशाशी कूलर असतो तोवर कुई जाणवत नाही; पाऊस लागून कूलर बंद झाला की 'आवाज वाढला' वाटते. वाढलेला काही नसतो. म्हणून रात्री पंखा किंवा पावसाचा हलका आवाज स्पीकरवर ठेवा, पण कुई थोडी ऐकू येत राहील इतकाच. ती पूर्ण बुडवली तर मेंदूला तिची सवय होत नाही. त्रासाने झोप उडाली असेल तर संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा) उपयोग होतो, आणि ऐकणे कमी असेल तर श्रवणयंत्राने कुईही दबते. गोळ्यांवर पैसे घालवू नका: अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या सूचनांत जिंको बायलोबा (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेसाठी घेतात ते) कर्णनादासाठी सुचवू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. ॲस्पिरिनचा मोठा डोस तर कुई वाढवतो.

हेडफोनकडे परतायचे तर निदान चार आठवड्यांनी, तेही कानावर बसणाऱ्या प्रकाराने; सुरुवात २० मिनिटे, आवाज निम्म्याखाली, गोंगाटात अजिबात नाही. फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावता येते, ती लावा. इअरबडचे रबर काढून साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. जाळीला पाणी नाही, कोरडा ब्रश. आणि आपले बड दुसऱ्याला देऊ नका, ते टूथब्रशसारखे आहे.

खान्देशातल्या मेडिकल दुकानदारांना आपल्या पत्रामार्फत एकच विनंती. कानाच्या अनेक थेंबांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन हे प्रतिजैविक असते. पडद्याला छिद्र असेल तर ते आत उतरून ऐकण्यालाच इजा करू शकते. थेंब देण्यापूर्वी एवढे विचारा: कानातून पाणी किंवा पू येतो का, पूर्वी कधी येत होता का? उत्तर 'हो' आले तर बाटली परत फळीवर ठेवा आणि गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे पाठवा.

आपले,
कानाच्या तपासण्या करणारे काही ऑडिओलॉजिस्ट,
जळगाव व धुळे